आयात केलेला पाऊस

ज्या गोष्टीचं आपल्याला काहीही वाकडं करता येत नाही, तिच्यावर रोज वीस मिनिटं गांभीर्याने बोलता येणं ही सुसंस्कृत माणसाची पहिली खूण होय. या कसोटीवर इंग्रज माणूस जगात पहिला येतो. तो ज्या ज्या मुलखात गेला तिथून यथावकाश निघाला, निघताना रेल्वे, कोर्टं आणि कारकून मागे ठेवले, पण स्वतःचं हवामान मात्र कुणाला दिलं नाही. ते तो छत्रीबरोबर परत घेऊन गेला, आणि आजही जाईल तिथे ते सोबत नेतो.

कुवेतमध्ये त्याची पंचाईत होते. तिथे मे ते सप्टेंबर एकच हवा असते, ती म्हणजे ऊन. या विषयावरचं संपूर्ण संभाषण असं : "गरम आहे." "आहे." लागलेला वेळ चार सेकंद. (धुळीचं वादळ असेल त्या दिवशी विषय मोठा असतो, पण तोंड उघडलं की वाळू आत जाते, त्यामुळे प्रत्यक्ष संभाषण शून्य.) आता कुवेतमध्ये कांदे बाहेरून येतात, बकऱ्या बाहेरून येतात, इंजिनियर तर बोटावर मोजता येणार नाहीत इतके बाहेरून येतात. तेव्हा हवामानही बाहेरून मागवावं, हे ओघानेच आलं. कुवेत शहरातल्या शर्क भागातल्या एका सल्लागार कंपनीने नव्वदच्या दशकात ही सोय स्वतःपुरती केली होती. तिथे लँकेशायरचा पाऊस रोज सकाळी साडेसातला ताजा मिळत असे.

या कंपनीत गुरुप्रसाद पाइपिंग इंजिनियर होता. मूळचा नाशिकचा, राहायला मिरकाबला, बायको कौमुदी, नऊ वर्षांची मुलगी जुईली. माणूस सरळ. पाइपातून काय वाहतंय आणि कुठे तुंबलंय हे त्याला नकाशावर बोट ठेवून सांगता यायचं. स्वतःच्या घशात काय तुंबलंय ते मात्र त्याला आयुष्यात कधी सांगता आलेलं नव्हतं.

त्याचे साहेब म्हणजे ऑल्ड्रिज. साठीला आलेले, गुलाबी, अत्यंत सभ्य. त्यांची पत्नी लँकेशायरमध्ये बागेची निगा राखत असे आणि ते कुवेतमध्ये तिच्या बागेवर पडणाऱ्या पावसाची. कंपनीत नवीन आलेल्याला वाटायचं की सकाळच्या बैठकीत पाइपांवर चर्चा होते. लक्ष्मीकांत नावाचा गुरुप्रसादचा सहकारी जात्याच हुशार, त्याने पहिल्याच महिन्यात घड्याळ लावून मोजणी केली. वीस मिनिटांच्या बैठकीत हवामान साडेतेरा मिनिटं, चहा तीन, पाइप दोन आणि "बरंय मग" दीड. त्याने तात्काळ लंडनचा रेडिओ ऐकायला सुरुवात केली आणि एका सकाळी सहज म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे अटलांटिकवरून काहीतरी सरकतंय म्हणे." त्या वर्षी त्याचा गोपनीय अहवाल 'उत्कृष्ट' आला. (त्याने त्या वर्षी एक पंपही वाचवला होता, पण त्याचा उल्लेख अहवालात सापडत नाही.)

मग काय, मराठी मंडळींनी नेहमीप्रमाणे मंडळ काढलं. पाळ्या लावल्या. शनिवारी लक्ष्मीकांत वारा बघणार, रविवारी अभिजीत वाळत घातलेले कपडे, सोमवारी गुरुप्रसाद गुलाब आणि त्यावरची कीड. नियमही लेखी ठरले. एक, इंग्लंडच्या हवेला चांगली म्हणू नये, "तितकीशी वाईट नाही" म्हणावं. दोन, ऊन पडल्याचं कळल्यास आनंद दाखवू नये, "टिकायचं नाही" अशी शंका व्यक्त करावी. तीन, भुरभुर, रिपरिप आणि रिमझिम यांत गल्लत करू नये, साहेबांना यातना होतात.

या शिस्तीचा घरगुती जीवनावर परिणाम होणारच होता. एका शुक्रवारी कौमुदीने गच्चीवर साबुदाण्याचे पापड घातले. सत्तेचाळीस अंशांत ते वीस मिनिटांत वाळून वर करपायला लागतात. ती अर्ध्या तासाने वर गेली तर गुरुप्रसाद त्यावर प्लॅस्टिक पसरून दगड ठेवत होता.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"दुपारनंतर सरी आहेत," तो म्हणाला, आणि मग आपण कुठे उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं.

इमारतीचा राखणदार यूसुफ हे सगळं पाहत होता. गेली अकरा वर्षं त्याने उन्हाळ्यात थेंब पाहिला नव्हता, पण इंजिनियर माणूस उगाच झाकणार नाही म्हणून त्याने आपलं अंथरूण जिन्याखाली घेतलं. जुईलीने शाळेत 'माय फादर' या विषयावर लिहिलेल्या निबंधात "ही लिव्हज इन कुवेत बट ही रेन्स इन इंग्लंड" असं वाक्य होतं. बाईंनी ते लाल शाईने खोडलं, पण खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तर अशा सुरळीत चाललेल्या व्यवस्थेत जुलै महिन्यात बहिणीचं पत्र आलं. अक्षदा नाशिकलाच असे. तिने लिहिलं होतं, 'अण्णांचा हर्निया आता ऑपरेशनशिवाय भागणार नाही. डॉक्टर म्हणतात लगेच करा, अण्णा म्हणतात बघू. तू आल्याशिवाय ते टेबलावर चढणार नाहीत. तुला कळवू नको असं बजावलंय, म्हणून कळवतेय.' पुढे ताजा कलम होता की अण्णा हल्ली दुपारचे एका डॉक्टर मित्राकडे बसायला जातात, तेव्हा फोन तिकडच्या नंबरवर करावा.

अण्णा म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त गृहस्थ. बाप-लेकाचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. "तिकडे ऊन काय म्हणतंय?" "आहे. तिकडे पाऊस?" "आहे." तीन मिनिटांत अडीच उरायची आणि दोघंही ती रिसीव्हर धरून काढायचे.

गुरुप्रसादने दहा दिवसांच्या रजेचा पिवळा अर्ज भरला. कंपनीचा नियम असा की उन्हाळ्यातल्या रजेसाठी साहेबांशी समक्ष बोलून सही घ्यावी. अर्ज शर्टाच्या खिशात ठेवून तो केबिनमध्ये गेला. साहेब म्हणाले, आमच्याकडे तीन आठवडे पाऊस नाही, बागेला नळी लावायलाही बंदी आली आहे. माणसाच्या बागेला पाणी नसताना आपण रजा कशी मागावी, असं वाटून गुरुप्रसादने हळहळ व्यक्त केली आणि तो बाहेर आला. चार दिवसांनी पुन्हा गेला. आता तिकडे पाऊस पडला होता, पण नको तेव्हा. गावातल्या क्रिकेटचा सामना बुडाला होता. भर सुतकात आपला कागद कुठे पुढे करायचा, म्हणून तो परतला. तिसऱ्या खेपेला गुलाबांवर काळे ठिपके आले होते. त्यात तो वीस मिनिटं अडकला, कारण सोमवार होता आणि गुलाब त्याच्याच पाळीत होते.

"अहो, सरळ म्हणा ना, वडील आजारी आहेत, रजा द्या," कौमुदी म्हणाली. "पाच शब्द आहेत."

"एकदम कसं म्हणायचं? आधी थोडं हवापाण्याचं बोलावं लागतं."

"मग बोला आपल्या हवापाण्याचं. नाशिकला काय पाऊस पडत नाही?"

ही युक्ती गुरुप्रसादला फार पसंत पडली. नाशिकच्या पावसावरून नाशिकवर यायचं, नाशिकवरून अण्णांवर, अण्णांवरून अर्जावर. पाइप असाच टाकतात. दुसऱ्या दिवशी तो केबिनमध्ये म्हणाला, "साहेब, आमच्या गावी नदीला पूर आला की लोक तो एका मारुतीवर मोजतात. दुतोंड्या मारुती. उघड्यावर नदीत उभा आहे. पाणी पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, असा हिशोब."

ऑल्ड्रिज साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा पर्जन्यविषयक आनंद अनुभवला नव्हता. देवच मोजपट्टी. त्यांनी वही काढली, मारुतीची उंची विचारली, त्याचं दुसरं तोंड कुठल्या दिशेला असतं ते विचारलं आणि आज पाणी कुठवर आहे असा रोखठोक प्रश्न केला. गुरुप्रसादला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "उद्या सांगतो," आणि अर्ज खिशातच घेऊन बाहेर आला.

तेव्हापासून तो रोज दुपारी नाशिकला फोन लावू लागला. अण्णा लगेच रिसीव्हर घेत.

"अण्णा, मारुती कुठवर बुडालाय?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग अण्णा खाकरून म्हणाले, "गुडघ्यापर्यंत. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय."

"किती सोडलंय?"

अण्णांनी क्युसेकमध्ये आकडा सांगितला, वर मागच्या तीन पुरांचे आकडे तुलनेसाठी दिले. दुसऱ्या दिवशी पाणी मांडीला लागलं. तिसऱ्या दिवशी कमरेला. गुरुप्रसाद एकामागून एक प्रश्न विचारत होता आणि अण्णा उत्तरं देत होते. अकरा मिनिटं, चौदा मिनिटं, एकदा तर सतरा. बाप-लेक जन्मात इतके बोलले नव्हते. ऑल्ड्रिज साहेबांच्या केबिनमध्ये मारुतीचं चित्र लागलं, त्यावर रोज निळी रेघ चढत गेली. चहा घेऊन येणारा गफूर दारातूनच विचारी, "आज कितना?" आणि त्याप्रमाणे चेहरा करी. पाणी छातीशी आलं तेव्हा लक्ष्मीकांतनेही लंडनचा रेडिओ बाजूला ठेवला. अर्ज खिशात घामाने मऊ पडत चालला होता.

नवव्या दिवशी पाणी गळ्याला आलं. गुरुप्रसादला पहिल्यांदाच काळजी वाटली. अण्णांनी नदीवर जाऊ नये हे सांगायला म्हणून त्याने संध्याकाळी अक्षदाच्या घरी फोन केला.

"कसला पूर?" अक्षदा म्हणाली. "बारा दिवसांत टिपूस नाही इथे. मारुतीचे तळवेसुद्धा कोरडे आहेत."

"मग अण्णा रोज सांगतात ते?"

"दादा, तो नंबर मित्राचा नाही. दवाखान्याचा आहे. आधी रोज तपासणीला जायचे, आता दहा दिवस झाले ॲडमिट करून. सोमवारच्या पुढे डॉक्टर थांबायला तयार नाहीत. तुझा फोन यायच्या वेळेला ते कॉटवरून उठून काउंटरपाशी जाऊन बसतात. परवा सिस्टरांना विचारत होते, गळ्याच्या वर अजून किती फूट राहतं म्हणून. म्हणाले, नाक बुडालं की संपलं, मग गुरू फोन कशाला करेल."

गुरुप्रसादने रिसीव्हर ठेवला. त्याला रडू आलं, आणि ते त्याने धुळीवर ढकललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तो केबिनमध्ये शिरला आणि मंडळाचे सगळे नियम मोडून म्हणाला, "साहेब, वडील दवाखान्यात आहेत. सोमवारी ऑपरेशन आहे. मला आज जायचंय."

बारा सेकंद लागले, त्यातले दोन कागद उलगडण्यात गेले. ऑल्ड्रिज साहेबांनी सही केली. मग म्हणाले, "तुमच्या खिशातून हा पिवळा कागद तीन आठवडे डोकावतोय. काहीतरी अवघड सांगायचंय हे दिसत होतं. तुम्हाला धीर गोळा करायला वेळ मिळावा म्हणून मी पावसाचं लांबवत होतो. पण किती लांबवणार? तो क्रिकेटचा सामना आणि गुलाबावरचे ठिपके तर मी मनानेच घातले." (लंडनच्या रेडिओने या पावसाला दुजोरा दिला नव्हता. मंडळाने त्या वेळी रेडिओ चुकीचा ठरवून पाऊस मंजूर केला होता.)

"आणि मारुती?" गुरुप्रसाद दाराशी जाताना साहेबांनी काळजीने विचारलं.

"गळ्यापर्यंत आहे, साहेब. उतरेल."

ऑपरेशन नीट झालं. गुरुप्रसाद आल्यावर अण्णा निमूट टेबलावर चढले आणि तिसऱ्या दिवशी उशीला टेकून बसले. गुरुप्रसाद शेजारी स्टुलावर. आता सगळं सरळ बोलायचं असं तो विमानात ठरवून आला होता. दोन तास झाले तरी दोघंही खिडकीकडे बघत होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"अण्णा," शेवटी तो म्हणाला, "मारुती कुठवर आहे आज?"

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. अक्षदाने सांगितलंय हे त्यांना कळलं, आणि त्यांना ते कळलंय हे त्यालाही. त्यांनी त्याचा हात आपल्या हातात ओढून घेतला आणि सोडला नाही.

"कमरेपर्यंत," ते म्हणाले. "पण अजून दहा-बारा दिवस तरी पुरता उतरायचा नाही."

गुरुप्रसादने तिथूनच तार करून रजा वाढवून घेतली. कारण म्हणून त्याने 'पूर' असं लिहिलं. साहेबांनी ते ग्राह्य धरलं.

प्रस्तुत हकिगत वाचून इंग्रजांना, कुवेतवाल्यांना व नाशिककरांना हसणाऱ्यांसाठी एक छोटी चाचणी सोबत देत आहोत. आईवडिलांशी तुमचा शेवटचा फोन आठवावा. त्यातून ऊन, पाऊस, थंडी आणि "जेवण झालं का" एवढं वजा करावं. उरलेलं एका पिवळ्या कागदावर लिहून काढावं. कागद कोरा राहिल्यास घाबरू नये, तो घडी करून खिशात ठेवावा, आणि सवडीने, योग्य वेळ बघून, आधी थोडं हवापाण्याचं बोलून मग... असो. ते होईल केव्हातरी.

बाकी, तुमच्याकडे पाऊस काय म्हणतोय?