पिलारच्या गळ्यातली घंटा

"पिलारच्या गळ्यातली घंटा डोंगरात असेपर्यंत काढायची नाही, ग्राशी. आणि कधी काढलीसच, तर तुझ्याच हातानं परत बांधायची."

हे आमच्या बेन्यातचं शेवटचं सांगणं. नवरा माझा. उशीला टेकून, खोकत खोकत त्यानं हे सांगितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, शेवटच्या घटकेला माणसं देवाचं नाव घेतात, बायकोशी चार गोड शब्द बोलतात, आणि ह्याला घोडीची घंटा आठवतेय! पण मान डोलावली. मरणाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार?

बेन्यात गेल्यावर शिकारीचा तळ त्याच्या धाकट्या भावानं, पेयोनं, चालवायला घेतला आणि चूल माझ्याकडेच राहिली. दर नोव्हेंबरात आम्ही वायोमिंगच्या डोंगरात शिकाऱ्यांना घोड्यांवरून नेतो. गाडीरस्ता संपला की पुढे दिवसभराची चढण, मग ओढ्याकाठी आमचे तंबू. शिकार एल्कची. एल्क म्हणजे घोड्याच्या उंचीचं सांबर समजा, डोक्यावर वाळक्या झाडाएवढी शिंगं.

त्या खेपेला एकच पाहुणा होता. आयोवाचे स्ट्राउडसाहेब. बियाण्यांचे व्यापारी, गोल चेहरा, रविवारचं चर्च न चुकवणारे, मेथडिस्ट पंथाचे. पहिल्याच संध्याकाळी, अंधारायच्या आत, त्यांनी जेवताना आपल्या दिवाणखान्यातल्या एल्कच्या मुंडक्याची गोष्ट सांगितली. कसा तो नर समोरून चालून आला, कसा यांचा हात जरासुद्धा कापला नाही, आणि त्यांची अर्लीन आल्यागेल्याला ते मुंडकं कसं दाखवते. गोष्ट इतकी लांबली की माझी डाळिंब्यांसारख्या टपोऱ्या घेवड्याची आमटी गार झाली. मलाही मग राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, "आमच्या तळावरून आजवर माणूस हरवलेला नाही, जनावर हरवलेलं नाही आणि माझा पाव कधी करपलेला नाही."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तोपर्यंत.

माणूस न हरवण्याचं कारण पिलार. म्हातारी पांढरी घोडी. ती तळ सोडत नाही, आणि बाकीचे घोडे, खेचरं तिच्या घंटेवरचा कान काढत नाहीत. ती चरत असली की घंटा मधूनच किणकिणते. म्हणजे सगळं ठीक. पण घंटा टोल्याटोल्यानं वाजू लागली की जनावरांनी समजायचं, म्हातारी निघाली, आता आपणही निघायचं. पाहुण्यांना पेयो एवढंच सांगतो: वाट चुकलात तर उभे राहा, घंटा ऐका, तिच्याकडे चालत या.

आता माझं. मी देवभोळी बाई आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ देवदूताची प्रार्थना करते आणि तिच्या आधी घंटेचे टोले देते, तीन, तीन आणि तीन. बेन्यात गेल्यापासून आणखी एक व्रत धरलंय. संध्याकाळच्या प्रार्थनेपासून सकाळच्या प्रार्थनेपर्यंत मौन. त्याच्या आत्म्यासाठी. पेयो म्हणतो, "वहिनी, हे व्रत भाऊ असताना धरलं असतंस तर अजून दहा वर्षं जगला असता." दीर म्हटल्यावर ऐकून घ्यावं लागतं.

तर झालं असं, की चढणीला एक खेचर लोळलं आणि माझी प्रार्थनेची पितळी घंटा त्याच्या पाठीवरच्या पेटाऱ्यात चेपून पापडासारखी झाली. तळावरच्या पहिल्या दुपारी मी पातेल्यावर डाव आपटून काम भागवलं. पण पहिल्या तीन टोल्यांतच पेयो आणि स्ट्राउडसाहेब ताटं घेऊन हजर! देवदूत बिचारा दाराशी आणि हे दोघे माझ्यासमोर हात धुऊन बसलेले. अशात कसलं चित्त लागणार?

दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं. दोघे घोड्यांवरून वरच्या कड्याकडे गेले होते. तळावर मी एकटी. बर्फ आवाज न करता पडत होता. ओढ्याचं पाणी गोठून गप्प झालेलं. पिलार तंबूच्या मागे उभी होती आणि तिच्या गळ्यात ती घंटा, जाड, गोड आवाजाची, अगदी देवळाला शोभेलशी. मला बेन्यातचं सांगणं आठवलं, नाही असं नाही. पण म्हटलं, देवाच्याच कामाला तर घेतेय. प्रार्थना झाली की माझ्याच हातानं बांधीन. पट्ट्याचं बक्कल सोडलं, तंबूच्या दारात उभी राहिले आणि टोले दिले. तीन. तीन. तीन. डोळे मिटून प्रार्थना म्हटली. उघडले, तर पिलार नाही.

पांढरी घोडी, पांढरं धुकं, पांढरा बर्फ, आणि गळ्यात घंटा नाही. शोधणार कशाच्या आधारानं? मी चुलीवरचा पाव तसाच कच्चा उतरवून ठेवला आणि घंटा हलवत, तिच्या नावानं हळू हाका मारत ओढ्याकाठानं निघाले. माझा आवाज मुळातच बारीक. बर्फ तो तोंडासमोरच गिळून टाकत होता.

थोडं गेल्यावर मला पावलं ऐकू आली. माझ्या मागे. मी थांबले, तीही थांबली. मी चालले, तीही चालली, सावकाश, जड, एखादं थकलेलं माणूस यावं तशी. मी वळून पाहिलं. धुक्याशिवाय काही नव्हतं. पण माझ्या पावलांच्या शेजारी दुसऱ्या ठशांची ओळ होती, पडत्या बर्फानं अर्धवट बुजलेली. बेन्यातच्या बुटांएवढे मोठे ठसे.

मी जपमाळ काढली. पुढे घंटा, हातात माळ, मागे पावलं. एकदा तर कानाशी ऊन श्वास आला, त्याच्या शेवटच्या दिवसांत यायचा तसा, घरघरता. मी मनात म्हटलं, बेन्यात, मी बांधणारच होते रे. श्वास थांबला. मला वाटलं, विश्वास ठेवला नाही त्यानं. जिवंतपणीही ठेवत नसे.

तळावर परतले, तर तंबूसमोर दोन घोडे उभे. खोगिरं रिकामी. एका खोगिराला स्ट्राउडसाहेबांची बंदूक तशीच लटकलेली.

मग उलगडलं. डोंगरात अस्वल आलं तर पळता यावं म्हणून घोडे घट्ट बांधत नाहीत. माझे टोले वरपर्यंत गेले असणार, आणि घोड्यांना वाटलं असणार, म्हातारी निघाली. देवदूत आला की नाही ठाऊक नाही, घोडे मात्र वेळेवर आले होते!

संध्याकाळपर्यंत मी तिन्ही बाजूंना घंटा हलवत फिरले. घोडीही हवी होती आणि माणसंही. पावलांनी माझी पाठ सोडली नाही. मग अंधारून आलं, प्रार्थनेची वेळ झाली, मी टोले दिले, प्रार्थना केली, मौन धरलं. आणि अगदी त्याच क्षणी पेयो धुक्यातून पायी बाहेर आला. एकटा.

"स्ट्राउड आले का?"

मी मान हलवली. नाही.

पेयो तिथेच बर्फात बसला. घोडे पळाल्यावर त्यानं साहेबांना वाळक्या देवदाराखाली बसवलं होतं, मी घोडे घेऊन येतो म्हणून, आणि फारच झालं तर घंटेकडे या म्हणून. पण पुढे घंटा कधी डावीकडून यायला लागली, कधी उजवीकडून. तो स्वतःच घटकाभर चकला. परत देवदाराखाली जाऊन पाहिलं तर साहेब नव्हते, नुसती बसल्याची खळगी होती.

"पिलार कुठाय? ती अशी भटकत नाही कधी."

मी घंटा वर करून दाखवली.

त्यानं घंटेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, दुपारपासून डोंगरात तू फिरत होतीस?"

मी मान डोलावली.

"बोल की! माणूस गोठून मरेल रात्रीत!"

मी आकाशाकडे बोट केलं.

"वर गेल्यावर नाव विचारतील, तेव्हाही अशीच उभी राहशील," तो म्हणाला आणि घोड्यावर चढून हाका मारत कड्याकडे गेला. मी कंदील घेतला, घंटा घेतली आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला निघाले. बोलायचं नव्हतं, वाजवायला कुणी मना केलं नव्हतं.

पावलं लगेच मागे आली.

फार लांब गेले नव्हते. धुक्यात कुणीतरी बोलत होतं. एकसुरी, रडवेलं. कंदील उंच केला, तर एका झाडाच्या बुंध्याशी स्ट्राउडसाहेब गुडघ्यांवर बसलेले, भुवयांवर बर्फ. त्यांनी आधी घंटेकडे पाहिलं, मग पिठानं आणि बर्फानं पांढऱ्याफटक झालेल्या माझ्याकडे. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तोंड उघडंच राहिलं.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. म्हणजे ह्यांनाही बेन्यात दिसतोय. मी काही मागे वळले नाही.

"फिकट घोडा," साहेब पुटपुटले. मला नीट ऐकू आलं नाही. बायबलात मरण फिकट घोड्यावर बसून येतं आणि मेथडिस्ट घरात हे मुलांना लहानपणीच सांगतात, हे मला नंतर कळलं. "बाई, देवळाची घंटा ऐकली मी. इथे देऊळ नाही. मला न्यायला आलात ना?"

मी मान डोलावली. न्यायलाच तर आले होते!

साहेबांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि सगळं बाहेर पडलं. ते मुंडकं त्यांनी मारलेलं नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या घरसामानाच्या लिलावात विकत घेतलं होतं. अर्लीननं कौतुकानं विचारलं आणि तोंडातून निघून गेलं, मीच मारला. मग ती चर्चच्या बायकांना सांगत सुटली. आता एक खराखुरा एल्क मारून त्या खोट्याची भरपाई करायला इतक्या लांब आले होते. "एकदा परत पाठवा. कुठूनही फोन लागू दे, पहिली अर्लीनला सांगीन. शपथ. तुमची शपथ. त्या मागच्याची शपथ."

मागच्याची म्हटल्यावर माझा धीर सुटला. आणि त्याच वेळी माझ्या मानेला काहीतरी टेकलं. गार, ओलं, मऊ.

"बेन्यात?" मी म्हटलं.

एवढ्या वर्षांचं मौन. एका शब्दात गेलं.

मागून फुर्रर्र करून जोरात शिंक आली आणि माझा अख्खा डोक्याचा रुमाल ओला झाला. पिलार होती. दुपारपासून तीच होती. तिची घंटा माझ्या हातात, म्हणून बिचारी घंटेमागे चालत होती, आणि मी तिला शोधत तिच्याच पुढे पुढे धावत होते. मी हसले की रडले, सांगता येत नाही. बोटं बधिर झाली होती तरी पट्टा तिच्या गळ्यात घातला, बक्कल लावलं. माझ्याच हातानं. म्हातारीनं एकदा मान झटकली, घंटा किणकिणली आणि ती सरळ तळाच्या वाटेला लागली. मी एका हातानं तिची शेपूट धरली, दुसऱ्या हातानं साहेबांची बाही. मी मौन पुन्हा धरलं. घंटा ऐकून पेयोही पाठोपाठ आला.

सकाळी लखलखीत ऊन पडलं. प्रार्थना झाली, मौन सुटलं, मी नवा पाव निखाऱ्यांवर ठेवला. स्ट्राउडसाहेब कॉफीचा पेला धरून माझ्या शेजारी येऊन बसले.

"काल तुम्ही माझ्याशी काहीच बोलला नाहीत."

"व्रत असतं माझं."

"मी विचारलं, न्यायला आलात का, तर हो म्हणालात."

"तळावर न्यायला."

त्यांनी पेला खाली ठेवला. "मग मी जे सगळं बोललो, ते..."

"मी ऐकलं," मी म्हटलं. खोटं बोलता येत नाही मला. "पण शपथ तुम्ही माझी एकटीची नव्हती घेतली."

तेवढ्यात पेयो दबकत आला. ओढ्यापलीकडे एक नर उभा होता, शिंगांवर ऊन घेऊन, बंदुकीच्या सहज टप्प्यात. असा नर पेयोनं तीन मोसमांत पाहिला नव्हता. त्यानं साहेबांच्या हातात बंदूक दिली. साहेबांनी नराकडे डोळे भरून पाहिलं, मग बंदूक झाडाला टेकवून ठेवली आणि विचारलं, "फोनची रेंज कुठे मिळते?"

"वरच्या कड्यावर. पण अहो, तो नर..."

"तो नंतर. ही घोडी बरोबर नेली तर चालेल? कड्यावर धीर नाही राहायचा माझा. हिच्यासमोर मागे फिरता येणार नाही."

पेयोनं माझ्याकडे पाहिलं, वहिनी, काय सांगितलंस तू ह्यांना, अशा नजरेनं. मी पिलारचा दोर सोडून साहेबांच्या हातात दिला. त्यांनी टोपी नीट केली, मला मान लववली, आणि उगाच गाजावाजा नको म्हणून अगदी चोरपावलांनी कड्याच्या वाटेला लागले. पिलार मागोमाग. चढ लागला तशी घंटा वाजू लागली, टोल्याटोल्यानं.

तळावरच्या प्रत्येक जनावराचे कान उभे राहिले. आधी दोन्ही घोड्यांनी दोर सोडवले. मग खेचरांनी. पेयो "ए, ए" म्हणेपर्यंत सगळी रांग बर्फातून वर निघाली होती, एकामागे एक, शिस्तीत, आणि पलीकडचा नर केव्हाच पसार झाला होता. सगळ्यांत पुढे स्ट्राउडसाहेब, खाली मान घालून, ओठांत काहीतरी जुळवत. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आम्ही दोघे तोंड वासून बघत राहिलो, पाव करपल्याचा वास येईपर्यंत.