भूपाल शेडबाळे यांची उजवी मूठ

मिरजेचे भूपाल शेडबाळे विशीपासून आपला जीव उजव्या मुठीत धरून होते. कृष्णेला पूर आला, तेव्हा नावेतल्या सगळ्यांनीच जीव मुठीत धरला होता. नाव काठाला लागल्यावर बाकीच्यांनी तो जागच्या जागी ठेवून दिला आणि कपडे पिळायला घेतले. भूपालांना वाटलं, आत्ताच नको, जरा पाणी ओसरू दे. पाणी ओसरलं. मग नोकरी कायम होऊ दे, मग घर बांधून होऊ दे, मग मुलीचं लग्न पार पडू दे. मूठ काही उघडली नाही.

कचेरीत ते डाव्या हाताने सह्या करीत. त्याला कुणाची हरकत नव्हती, कारण तिथे बऱ्याच जणांची तीच तऱ्हा होती. साहेबांच्या तर दोन्ही मुठी बंद असत, म्हणून ते सहीच करीत नसत.

अडत होतं ते तबल्यापाशी. भूपालांना तबल्याचं वेड, आणि डाव्या हाताला येणार तो नुसता डग्गा. रोज संध्याकाळी ते डग्गा घुमवत बसत. तबला शेजारी खोळीत असे. तो कधी वाजवणार, असं कुणी विचारलं की म्हणत, "बघू की." या 'बघू की'चा कुणी कधी जाब विचारला नाही, ही खरी चीड आणणारी गोष्ट.

शेवटी जाब विचारला तो त्यांच्या पत्नीने, पद्मावतीबाईंनी, निवृत्तीचा हार सुकायच्या आत.

"अहो, जन्मभर नुसता डग्गा ऐकला मी! आता उघडा ती मूठ."

"आणि जिवाला काही झालं म्हणजे?"

"काही झालं म्हणजे? त्याला आजवर काही होऊ दिलंय कुठं तुम्ही?"

भूपालांना संताप आला. तो बायकोवरचा नाही हे कळलं, तेव्हा आणखीच आला. बोटं आखडली होती. बाईंनी कोमट तेल लावून ती एकेक करून सोडवली.

आत जीव होता. विशीतलाच, मिसरूड फुटलेला, जराही न वापरलेला. तळहातावरून खाली उतरून तो फरशीवर उभा राहिला, अंग ताणून भूपालांच्या उंचीचा झाला आणि कडाडला.

"लाज नाही वाटली? त्या पुरात मी घाबरलोच नव्हतो. घाबरलात तुम्ही, आणि कोंडलंत मला!"

"तुझ्या काळजीपोटीच रे..."

"काळजी! ऊन नाही, वारा नाही, नुसता तुमचा घाम. काय काय बुडालं माझं, सांगू?"

"नको," भूपाल म्हणाले. "सगळं ठाऊक आहे मला."

त्यांनी खोळ काढून तबल्यावर उजवा हात ठेवला. बोटं वळेनात. पुन्हा प्रयत्न केला, तरी वळेनात. मग ते बायकोसमोर, जिवासमोर, ढसाढसा रडले. जिवाने थोडा वेळ वाट पाहिली आणि तबला काखेत मारून तो अमीनमास्तरांच्या तबल्याच्या क्लासला निघाला. त्याला एकट्याला रस्ता कसा ओलांडू द्यायचा, म्हणून भूपाल मागोमाग गेले.

मास्तरांनी जिवाची बोटं वाकवून पाहिली. लवचीक होती. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि दारातल्या भूपालांकडे वळून विचारलं, "आपण यांचे कोण?"

भूपालांनी बराच विचार केला.

"पालक," ते म्हणाले.

"मग बाहेर बसा. पालकांना आत परवानगी नाही."

दार लागलं. आत ठेका सुरू झाला, दोन्ही हातांचा. बाहेरच्या बाकावर चार-पाच म्हातारे बसले होते. त्यांनी काही न विचारता सरकून भूपालांना जागा करून दिली.