गेंड्याची आखणी

आमचे शेजारी दत्तूनाना आफ्रिकेतले हत्ती काढायचे, आणि त्यांच्या प्रत्येक हत्तीची सोंड डावीकडे वळलेली असायची. मी एकदा कारण विचारलं.

"उजव्या सोंडेचा कडक असतो," नाना म्हणाले. "नेणाऱ्याला सोवळंओवळं झेपलं नाय तर शिव्या कोणाला? मला."

"पण नाना, हा गणपती नाही. केनियातला हत्ती आहे."

"व्हय. म्हणून तर मोदक नाय काढला."

नाना पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ते सगळ्यात शेवटी होतं, आणि त्या कामाला नाना दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. श्वास रोखून बुबुळाची काळी रेघ ओढायची, मागे सरायचं आणि जो कोण समोर असेल त्याला विचारायचं, "बघतोय का?" अशा वेळी "वा, सुंदर" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "सुंदर तुझी बायको. हा बघतोय का नाय ते सांग."

त्यांची स्वतःची बायको नव्हती. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणत, "त्या साली ऑर्डर जास्त होती."

आफ्रिका त्यांच्या आयुष्यात कॅलेंडरमधून आली. नव्वद सालानंतरची गोष्ट, आमच्या आळीत तेव्हा नुकतीच केबल आली होती. कारखान्यातून दरवर्षी एक मूर्ती नैरोबीच्या एका मराठी कुटुंबाकडे जायची. त्यांनी आभार म्हणून एक कॅलेंडर पाठवलं. त्यात सिंह, जिराफ असं सगळं होतं, आणि एका पानावर शिंग कापून नेलेला गेंडा होता. ते पान बघून नाना दोन दिवस जेवले नाहीत.

"मूर्तीचं बोट तुटलं तरी आपण खंडित म्हणतो, पूजेला घेत नाय," ते मला सांगू लागले. "आणि इथे जित्या जनावराचं तोंड फोडून नेतात. आणि देव गप."

त्या कुटुंबाच्या ओळखीची काही माणसं गेंड्यांची पोरकी पिल्लं सांभाळत होती. नानांनी ठरवलं, आपण जनावरं रंगवून विकायची आणि आलेले पैसे तिकडे पाठवायचे. गणपती गेले की नानांचा हात रिकामा व्हायचा. मग ते हार्डबोर्ड घेऊन बसत. हात मात्र गणपतीचाच होता. त्यांच्या झेब्र्याचे पट्टे पितांबराच्या काठासारखे यायचे. सिंह असा प्रेमाने बघायचा की हरणाने जवळ जाऊन पाया पडावं. तरस तर नुकताच नैवेद्य दाखवल्यासारखा तृप्त.

म्हणजे डोळे असले तर. कारण नानांचा आणखी एक नियम होता: गिऱ्हाईक नक्की झाल्याशिवाय आखणी करायची नाही. "डोळे उघडले की त्याला घर पाहिजे. उघड्या डोळ्यांनी गोदामात ठेवायला तो काय वॉचमन हाय?" त्यामुळे त्यांच्या खोलीत भिंतभर आंधळी जनावरं उभी होती. गिऱ्हाईक तिथे यायचं, घाबरायचं आणि शाडूचा उंदीर घेऊन परत जायचं.

मी रोज एसटीने रोह्याला एका कंपनीच्या ऑफिसात जात असे. तिकडे साहेबलोक खूप, असं नानांच्या डोक्यात होतं. एका सोमवारी त्यांनी माझ्या काखेत गेंडा दिला. "सुधाकर, तुझ्या ओळखीत बघ कोण घेतो का. चांगल्या घरी दे. समोर काय दिसेल ते बघून दे."

मी गेंडा शेजारच्या सीटवर ठेवला. वडखळच्या पुढे कंडक्टर आला.

"हे डुक्कर कोणाचं?"

"गेंडा आहे."

"डोळे नायत त्याला."

"गिऱ्हाईक मिळालं की येतील."

कंडक्टर एकच तिकीट फाडत म्हणाला, "मांडीवर घ्या."

आता मला जे सांगायचं आहे ते फारसं बरं नाही. मी तो गेंडा कोणालाही दाखवला नाही. पहिल्याच दिवशी आमच्या शिपायाने विचारलं, "हा मॅनेजरसाहेबांचा फोटो काय?" सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. आणि गेंडा कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा केला. नाना रोज विचारत आणि मी रोज "बघतोय, बघतोय" म्हणत असे. दोन महिन्यांनी मी तो परत आणला. ओट्यावर बसलेल्या नानांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एका डॉक्टरांनी घेतलाय. आखणीसाठी आणलाय."

नाना उठले. मोरीत जाऊन हातपाय धुऊन आले, ब्रश पाण्यात बुडवला, त्याचं टोक ओठांनी निमुळतं केलं. मग दोन डोळे. मागे सरले. "बघतोय का?"

मी दारापर्यंत सरकलो. तो तिथेही माझ्याकडेच बघत होता. "बघतोय," मी म्हटलं.

डॉक्टरांचे म्हणून पैसे मीच दिले. ते नैरोबीला गेले, एवढं एक खरं. गेंडा आमच्या माळ्यावर गेला, गणपतीच्या मखरामागे, पालथा. बायकोला मी सांगितलं, ऑफिसचं सामान आहे.

पुढे नाना रोज संध्याकाळी विचारायला लागले. गेंडा कसा आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच: "त्याच्या समोर काय हाय?" मी म्हटलं, बाकडं आहे, पेशंट बसतात. दुसऱ्या दिवशी त्या बाकड्यावर एक खोकणारी म्हातारी आली. मग इंजेक्शनला रडणारी एक मुलगी आली, ती गेंड्याकडे बघून गप्प होते, असंही मी सांगितलं. नाना ते सगळं कारखान्यात जाऊन सांगत. मला झोप लागेनाशी झाली, पण म्हातारीचा खोकला बरा करण्यापलीकडे माझी मजल गेली नाही.

आणि एका गुरुवारी नाना कोणाला न सांगता रोह्याला गेले.

संध्याकाळी ते थेट माझ्या दारात आले. इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, पायांवर धूळ.

"रोह्यातले डॉक्टर बघितले," ते म्हणाले. "सगळे. नुसतं आत सोडत नायत, म्हणून प्रत्येकाकडे नंबर लावला. चौघांनी बीपी बघितलं. एकाने मीठ बंद केलंय. गेंडा कोणाकडे नाय."

मला खोटं सुचलं नाही असं नाही. दोन-तीन सुचली. पण तो पेढ्यांचा पुडा होता ना, तो डॉक्टरांसाठी नेलेला, तसाच बांधलेला.

"माळ्यावर आहे, नाना. डॉक्टर कोणी नव्हता."

"माळ्यावर कसा?"

"पालथा."

नानांनी डोळे मिटले. "मला फसवलंस ते राहू दे. डोळे उघडलेल्याला पालथा घातलास, मेल्या? काढ खाली."

मी शिडी लावली. बायकोने खालून विचारलं, "ऑफिसचं सामान आत्ता कशाला?" मी गेंडा खाली दिला तेव्हा तिने तो बघितला, नानांना बघितलं, आणि काही न विचारता पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. कॅलेंडरच्या खिळ्यावर आम्ही तो लावला.

मला वाटलं, आता नाना लांब जाऊन तो कसा दिसतो ते बघतील. त्यांनी तिकडे नजरही टाकली नाही. कोपऱ्यातलं स्टूल उचललं, गेंड्याच्या बरोबर खाली भिंतीला लावलं, आणि भिंतीला पाठ टेकून आमच्या खोलीकडे तोंड करून बसले.

समोर काही विशेष नव्हतं. आमची मुलगी जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. स्वयंपाकघराच्या दारात सूप होतं, त्यात अर्धे निवडलेले तांदूळ. बायको अवघडून उभी होती.

"नाना, चहा टाकते."

"नको गो बाय. तू तुझं कर. मी इथे नाय असं समज."

ती खाली बसून तांदूळ निवडायला लागली. नाना बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "इतकी वर्षं डोळे उघडतोय. लोक पाटावर घालून, गुलाल उधळत घेऊन जातात. मूर्तीला नेतात रे, आखणीवाल्याला कोण नेतं? ते घरी जाऊन काय बघतात, मला काय ठाव नाय. म्हटलं, एकाच्या तरी घरी जाऊन बघून यावं."

आमचं दार त्यांच्या दारापासून बारा पावलांवर. मी त्यांना कधी आत बोलावलं नव्हतं. ओट्यावरच बोलणं व्हायचं.

मुलीने खोडरबर मागितलं, मी दिलं. पेढ्यांचा पुडा तिच्यासमोर ठेवला. तिने एक पेढा तोंडात टाकला आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. सुपातले तांदूळ वरखाली होत होते. मी हळूच विचारलं, "नाना, बघतोय का?"

"गप रे जरा," नाना म्हणाले. "बघू दे आम्हाला."