चांद्याच्या खांद्यावरचं क्रीम

सासऱ्यांनी बैलाच्या खांद्याला चोळलं ते लोणी नाही, हे त्या घरात एकट्या मंजूला माहीत होतं, आणि सांगायची तिची छाती होत नव्हती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे, हळद-लोण्यानं चोळायचे आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून त्यांना जेवायला बोलवायचं, ही किन्हीराजा गावाची रीत. मंजूचे सासरे इंद्रभान या कामात कुणाला हात लावू देत नसत. फडताळातली स्टीलची डबी त्यांनी स्वतःच काढली, आतल्या पांढऱ्या लोण्यात हळद कालवली आणि चांद्याचा खांदा मन लावून चोळला.

डबीत मंजूचं क्रीम होतं. मांडीवर दिसणाऱ्या बारीक खड्ड्यांना सेल्युलाइट म्हणतात आणि महिनाभर हे चोळलं की मांडी गुळगुळीत होते, असं मोबाइलवरच्या एका बाईनं तिला सांगितलं होतं. तोवर आपल्याला खड्डे आहेत हेच बिचारीच्या गावी नव्हतं. पार्सल आलं तर बाटलीवर उघड्या मांडीचं हे एवढं चित्र. सासरी असली बाटली ठेवणार कुठं? तिनं सगळं क्रीम डबीत काढलं आणि डबी फडताळात मागं सारली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं तर बैल पेटायची वेळ आली.

क्रीम लावलं की कातडी चुरचुरायची. चुरचुरलं म्हणजे चरबी वितळते, असंही त्या बाईचं म्हणणं. चांद्याला हे कुणी समजावलेलं नव्हतं. त्यानं आधी कातडी थरथरवली, मग लाथा झाडल्या, सरकीच्या ढेपेचं टोपलं उधळलं आणि दाव्याला असे हिसके दिले की खुंटा हलायला लागला. वासरू असल्यापासून हातानं वाढवलेला बैल. इंद्रभानचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला.

"हे जगदेवचंच काम आहे," ते म्हणाले. "दुपारी तोच उभा होता चांद्यापाशी."

पोळ्याच्या तोरणाखाली पहिला मान कुणाच्या जोडीचा, यावरून शेजारच्या जगदेवशी त्यांचं जुनं वाकडं होतं. काठी उचलून ते निघालेच. खरं बोलावं तर उद्या गावभर ओट्याओट्यावर आपल्या मांड्यांची चर्चा; गप्प बसावं तर दोन म्हाताऱ्यांची डोकी फुटणार. मंजूनं सासूला, मनकर्णाबाईंना, हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"कोनते खड्डे?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

मंजूनं लाजत साडी गुडघ्याच्या जरा वर धरली. मनकर्णाबाईंनी वाकून पाहिलं आणि शांतपणे स्वतःचं लुगडं वर केलं.

"हे? अवं, बाईमानसाले असतेच हे. माही माय काडीसारखी होती, तिलेबी होते. तुले काही फरक पडला?"

"नाही पडला, आई."

"बैलाले तं लगेच पडला."

आणि त्या तरातरा बाहेर गेल्या. जगदेवच्या दारात काठी उगारलेलीच होती.

"अवो, परत या," त्या ओट्यावरून म्हणाल्या. "त्या डबीत म्या गुडघ्याचं औषध काढून ठेवलं होतं. तुमाले सांगायचं राह्यलं."

काठी हळूहळू खाली आली. जगदेवच मग पाण्याची बादली घेऊन आला. दोघांनी मिळून खांदा धुतला, वरून ताक ओतलं. थोड्या वेळानं चांद्यानं ढेपेत तोंड घातलं, तेव्हा कुठं मंजूचा जीव भांड्यात पडला. इंद्रभाननी बायकोला साऱ्या आळीला ऐकू जाईल असं झापलं. मनकर्णाबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या, आणि ते पाहून मंजूला रडू आलं. एवढ्या मायेची अपेक्षा तिनं सासूकडून धरली नव्हती.

जेवणं उरकल्यावर मंजू डबी घेऊन उकिरड्याकडं निघाली. या क्रीमचं नाव पुन्हा काढणार नाही, असं तिनं सासूला कबूल केलं.

"बरं केलं. मांडीचं सारं खोटंच असते," मनकर्णाबाई म्हणाल्या. मग इकडंतिकडं पाहून त्यांनी आवाज बारीक केला. "पन ते मोबाइलवरची बाई तोंडावरच्या सुरकुत्यायचं काही सांगते का वं?"