मुनीरचाचांचा तंगूस

परतूरला समुद्र आहे. स्टेशनकडून मोंढ्याकडे निघालं की डाव्या हाताला मुनीरचाचांचं दोर-दाव्यांचं दुकान लागतं. त्या दुकानाच्या मागच्या दाराशी एक निळी बादली आहे. बादलीत पाणी, पाण्यात मूठमूठ खडेमीठ, तळाला काळे दगड. वर पुठ्ठ्याची पाटी: 'हात घालू नये. समंदर आहे.'

मी देवगडच्या बाजूची. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर इथं आले. चाचांच्या दुकानामागची खोली आम्ही भाड्यानं घेतली. पहिले काही महिने मला सगळ्याचंच भय वाटायचं. कोरडी हवा, अनोळखी बोली आणि सगळ्यात जास्त फोनची घंटी. कारण गावाकडं बाबा एकटे.

आल्या दिवशीच चाचांनी विचारलं, "कुठली गं बेटी तू?"

मी सांगितलं. चाचा स्टुलावरून उठले.

"म्हंजे समंदर बघितला तू?"

"रोज बघायचे."

चाचांनी समोरच्या सोपान टेलरला हाक मारली. "सोपान, इकडं ये. ही रोज समंदर बघत व्हती."

सोपानकाका मशीन न थांबवता म्हणाले, "मी तुला तीस वर्षं रोज बघून राह्यलो. माझं कुणी कौतुक केलं का?"

चाचांची पासष्टी उलटलेली. चाची वारल्या, दोन्ही मुली सासरी. मासा ते खात नाहीत, काट्याचं भेव वाटतं म्हणतात. समुद्र कधी पाहिलेला नाही, पण विचारणं असं की मास्तरांनी परीक्षा घ्यावी. "समंदराला एकच काठ असतो म्हणे. मंग दुसरा कुठं गेला?" शाळेत मला उत्तरं यायची नाहीत. इथं मी सांगेन ते उत्तर आणि चाचा मान हलवणार. मला पहिल्यांदाच आपण हुशार आहोत असं वाटलं.

एकदा बोलता बोलता मी बाबांचं सांगितलं. आई गेल्यावर त्यांनी होडी विकली, पण खडपावर बसून मासे गरवणं सोडलं नाही. खडप म्हणजे समुद्रात घुसलेला खडक. हातात तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला गळ. काठी नाही, चक्री नाही. अन् तो तंगूस सारखा तुटायचा. दोन मोठे गोबरे मासे हातातोंडाशी येऊन गेले, याचं दुःख ते फोनवर मला आईच्या दुःखाइतकंच सांगायचे.

"तुटतो म्हंजे काय?" चाचांना हे अंगावर आल्यासारखं झालं. "दोर इकतो मी. आपला माल तुटत न्हाई. तुझ्या बाबाचा तंगूस मी निवडतो."

त्या दिवसापासून ती बादली आली. गोदावरीवरचे भोई चाचांकडून तंगूस न्यायचेच, पण खाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा, हे चाचांना पक्कं कळलं होतं. बाजारात मिळतील तेवढे नमुने त्यांनी मागवले. पंधरा दिवस बादलीत, आठ दिवस पत्र्यावर उन्हात, मग काळ्या दगडावर घासायचे. विणलेला रंगीत धागा मऊ लागायचा, पण दगडावर दोनदा घासताच त्याची पिसं झाली. पांढरा उन्हानं कडक झाला आणि स्प्रिंगसारखा वळून बसला. "याला घडीची आदत हाये, हा सुधरत न्हाई," असं म्हणून चाचांनी तो फेकला. जो टिकला तो गाठ मारून खुंटीला बांधला आणि त्याला सरकीची गोणी टांगली.

माझं काम चव घेण्याचं. दर सोमवारी चाचा पाणी बदलायचे आणि मला हाक मारायचे. "बेटी, चाख. समंदर बराबर झाला का?" मी बोट बुडवून जिभेला लावायचे. "अजून अर्धी मूठ." चाचा अर्धी मूठ टाकायचे. माझ्या जिभेचा शब्द त्या दुकानात शेवटचा होता.

गिऱ्हाईकांचे हाल झाले. एक भोई तंगूस मागायला आला तर चाचा विचारतात, "कुठल्या पाण्याला? खाऱ्या का गोड्या?"

"चाचा, परतूरला खारं पाणी कुठून आणू?"

"मागं हाये की, बादलीत."

मी हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "तेका सांग, समुद्र बालदीत मावत नाय. तो माका शिकवतलो?"

चाचांनी शेवटी ऐंशी नंबरचा हिरवा तंगूस निवडला. नंबर जितका मोठा तितका दोरा जाड. गोणी टांगून तीन दिवस झाले तरी त्याची गाठ हलली नव्हती. पार्सल गेलं. बाबांनी नाक मुरडत का होईना, वापरायला घेतला.

महिन्याभरानं गावाहून शेजारच्या काकांचा फोन आला. बाबा तंगुसाचे दोन वेढे तळहाताला घेऊन बसायचे, जन्माची सवय. गोबरा लागला आणि बिळात घुसला. जुना तंगूस असता तर तटकन तुटला असता. हा तुटेना. बाबा गुडघ्यांवर ओढले गेले, खडपाच्या कडेपर्यंत. काकांनी धावत येऊन कोयत्यानं तंगूस तोडला. हाताला सात टाके पडले.

मी चाचांना सांगितलं. सांगताना मला रडू आवरेना. चाचांनी खुंटीवरचा हिरवा तंगूस सोडून हातात घेतला. मग म्हणाले, "दोर कधी तुटावा हे मी जिंदगीत कुणाला इचारलं न्हाई."

मला वाटलं, संपलं आता. बाबांना खडपावर जाऊ नका म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. टाके निघाल्याबरोबर ते पुन्हा जाणार, हे मला ठाऊक होतं.

आठ-दहा दिवस चाचांनी मला हाकच मारली नाही. मग एक नवं पार्सल तयार दिसलं. त्यात तोच हिरवा जाड तंगूस, पण त्याच्या आणि गळाच्या मधे हातभर बारीक तंगूस जोडलेला. असे वीस तुकडे, गाठी मारून तयार. "बाबाला सांग, जाडा हातात राहू द्या, बारीक पाण्यात. जास्ती जोर आला की हा बारका जाईल. जाऊ द्या त्याला."

पावसाळा सरल्यावर एका दुपारी बाबांचा फोन आला. "तंगूस तुटलो, गाठीखाली, बारक्यात," ते म्हणाले. "मोठो होतो गोबरो. गेलो. मी घराक इलंय, जेवतंय."

मी तशीच दुकानात गेले. "चाचा, तुमचा तंगूस तुटला."

"कुठं?"

"गाठीच्या खाली. बारक्यात."

"आन् बाबा?"

"घरी आहेत. जेवतायत."

चाचांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग रस्त्यावर उतरले आणि शेजारच्या खतवाल्याला, पानवाल्याला, जीपच्या ड्रायव्हरला थांबवून सांगू लागले, "आपला माल तुटला. बिलकुल बराबर वक्ताला तुटला." परतूरच्या बाजारात दोर विकणाऱ्यानं असं मिरवल्याचं कुणी पाहिलं नसेल. सगळ्यांना चहा आला.

चहाचा ग्लास त्यांनी डाव्या हातानं धरला होता. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. मी विचारलं, "हाताला काय झालं?"

"कुठं काय."

सोपानकाका म्हणाले, "तुझ्या बाबाला लागलं तवा आठ दिवस मला काम सोडून वढायला लावत व्हता. ह्यो हाताला तंगूस गुंडाळून उंबऱ्याला पाय देऊन बसायचा, आन् म्हणायचा, वढ. अजून त्या हातात ग्लास धरवत न्हाई त्याला."

"तू काजं कर तुझी," चाचा म्हणाले.

मी त्यांचा हात खिशातून काढून उघडला. तळहातावर आडव्या पाच रेघा होत्या, काही पांढऱ्या पडलेल्या, काही अजून तांबूस. हात मागं घेतील असं वाटलं, पण त्यांनी तो माझ्यापुढं नीट पसरला, एखादा माल दाखवावा तसा.

"ही ऐंशीची. ही सत्तरची. ही साठची, हिनं लई तरास दिला. पन्नास, चाळीस." मग करंगळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आन् इथं तीसचा व्हता. रगत यायच्या आधीच तुटला. तोच पाठवला तुझ्या बाबाला."