नव्या वकिलाचा आवाज वाटेत आवरिला त्याची हकीकत

श्रीनादब्रह्म प्रसन्न. ऐकत्याच्या कानास आणि निजत्याच्या निद्रेस, उभयतांस क्षेम असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, एके दौलतीत युवराज तान्हे होते आणि त्यांची निद्रा काचेच्या बांगडीसारखी, टिचकी लागली की तडकावी. त्यांच्या मातोश्री शर्वरीबाईसाहेब यांणी बाळंतपणापासून अंगाईखेरीज गाणे ऐकिले नव्हते, आणि अंगाई तीही स्वतःचीच. हे जाणून खाविंद हृषीकेशराव यांणी नवा सीडी प्लेअर आणिला आणि वडिलांचे वेळच्या जुन्या अँप्लिफायरास, म्हणजे दरबारच्या चोपदारास, जोडिला. तो नवा वकील दरबारी ऐसा गरजला, की आवाजाचे बटण तिळभर फिरवावे तो काहीच नाही, आणिक तिळभर फिरवावे तो तोफखाना सुटावा. युवराज दचकून उठिले आणि प्रहरभर रडिले.

मग मसलत बसली. खाविंदांनी स्पीकरांवर रजया घातल्या, तो गवई पोत्यात कोंडल्यासारखा ओरडू लागला; मग स्पीकर भिंतीकडे तोंड करून उभे केले, तो भिंतच गाऊ लागली आणि शेजारच्या संस्थानाने ठोकून जाब विचारिला. तेव्हां सासूबाई सुनंदाबाई यांणी फर्माविले, "रविवारी हे जुनं धूड माळ्यावर जाईल. गाण्यावाचून कोणी मेलं नाही." बाईसाहेब पोळ्या लाटीत होत्या. म्हणाल्या, "रविवारपर्यंत वेळ आहे ना, आई?" इतकेच, परंतु लाटणे जरा जोरात फिरले.

बाईसाहेबांनी मनी आणिले, की ओरडतो वकील आणि शिक्षा चोपदारास, हा कोठला न्याय? नवा देतो रगड, जुन्यास लागते चिमूटभर. तर बंदोबस्त दोहोंमधल्या वायरीतच पाहिजे. लग्नापूर्वी पॉलिटेक्निकात सोल्डरिंग शिकल्या होत्या, ती विद्या बाहेर काढिली. मग युवराज निजले की सोल्डरगन तापवावी आणि कुरकुरले की बंद करावी, ऐसे चोरटे मोर्चे चालिले. वायरीत एक थोर रेझिस्टर आडवा बसविला, की आवाजास अडवावे, आणि त्यापुढे एक धाकटा, की शिरजोर वाटा परस्पर उतरवून द्यावा आणि थोडकाच पुढे सोडावा. ऐसी डाव्या स्पीकराच्या वाटेची चौकी सिद्ध जाहाली तो युवराज जागे जाहाले आणि बाईसाहेब धावल्या. इकडे खाविंदांस वाटले फत्ते जाहाली, आणि त्यांणी बटण फिरविले. डावा स्पीकर कुजबुजला आणि उजवा डरकाळला. सुनंदाबाई शिडी आणावयास गेल्या.

बाईसाहेब रडते लेकरू कडेवर घेऊन म्हणाल्या, "शिडी लावा, आई. पण एकच बाजू झालीय. दुसरी करून जमलं नाही, तर मी स्वतः वर चढवते."

सुनंदाबाईंनी सुनेकडे पाहिले, शिडी भिंतीस टेकिली आणि हात पुढे केले. "आण त्याला इकडे. हात भाजून घेऊ नकोस."

मग उजवी चौकीही बसली. युवराज आजीचे मांडीवर निजले होते. बाईसाहेबांनी श्वास रोखून बटण फिरविले, पाव फिरविले, निम्मे फिरविले, आणि सारंगी ऐसी आली जैसी शेजघरात कोणी अनवाणी यावी. सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "शर्वरी, थोडं वाढव गं. मला ऐकू येत नाही." बटण केसभर फिरले, आवाज केसभरच वाढला, आणि युवराज निजलेलेच राहिले.

ऐसी ही मोहीम. वकील घालविला नाही, चोपदार दंडिला नाही, वाटेवर चौकी बसविली. शिडी अद्याप भिंतीशीच उभी असे. तिजवर युवराजांची दुपटी वाळतात.