बिघाड आढळला नाही

कोणत्याही यंत्राचा बिघाड खरा ठरण्यासाठी तो कामकाजाच्या वेळेत, अधिकृत जागी आणि योग्य माणसासमोर घडावा लागतो. हा नियम कुठेही लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे तो सगळीकडे काटेकोरपणे पाळला जातो. हडपसरच्या एका सर्व्हिस सेंटरात तर तो इतक्या निष्ठेने पाळतात, की तिथे आजवर बिघडलेली गाडी फारशी कुणी पाहिलेली नाही.

अशा ठिकाणी उम्मेहानी आपली गाडी घेऊन गेली आणि म्हणाली, "गाडी चालता चालता बंद पडते."

उम्मेहानी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. हडपसरहून रोज सोलापूर रस्त्याने स्वतः गाडी चालवत जाते, आणि ती गाडीही तिने स्वतःच्या पगारातून घेतली आहे. दुपारी परत येताना ऊन तापलेलं आणि रस्ता तुंबलेला असला, की गाडी एकदम गप्प व्हायची. मागे ट्रक. ट्रकवाल्याने ब्रेक मारला तर नुसता हॉर्न ऐकावा लागायचा. नाही मारला तर काय, याचा विचार ती करायची नाही, कारण तो केला असता तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसायची हिंमत झाली नसती. गाडी बाजूला ढकलून थोडा वेळ थांबलं, की ती काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची.

सेंटरचा सल्लागार पृथ्वीराज अतिशय नम्र होता. "मॅम, डोन्ट वरी, फुल चेकअप करून देतो," म्हणाला. संध्याकाळी गाडी परत मिळाली तेव्हा ती धुतलेली, पुसलेली होती आणि आत लिंबाचा सुगंध होता. (बंद पडलेल्या गाडीत बसून राहायची वेळ आली तर निदान वास बरा असावा, हा त्यामागचा दूरदर्शीपणा.) तिसऱ्या दिवशी ती शेवाळवाडीपाशी सुगंधासकट बंद पडली.

दुसऱ्या भेटीत गाडीला कॉम्प्युटर जोडला. गाडी रात्रभर सावलीत उभी होती, हॉलमध्ये एसी होता, आणि स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.

"मॅम, सिस्टिमला काहीच दिसत नाहीये."

"गाडी आत्ता थंड आहे. तापल्यावर बघा ना."

"मॅम, सिस्टिम थंड-गरम नाही बघत, ती फक्त फॉल्ट बघते."

या उत्तराला तोड नव्हती. सेंटरच्या भिंतीवर एक तक्ताच लावला होता : अठ्ठ्याण्णव टक्के तक्रारी पहिल्याच भेटीत निकालात. उरलेल्या दोन टक्क्यांत कोण येतं ते तक्त्यात नव्हतं, पण पृथ्वीराज उम्मेहानीकडे ज्या सहानुभूतीने बघत होता त्यावरून अंदाज येत होता.

तिसऱ्या भेटीपर्यंत तिने स्वतःच शोध लावला होता. मागच्या सीटखाली, टाकीत, पेट्रोल पुढे ढकलणारा पंप असतो. चावी फिरवली की तो बारीक घुमतो. या पंपाला वीज किती द्यायची हे एक छोटं मॉड्यूल ठरवतं. गाडी बंद पडली की पंप घुमत नाही. थंड झाली की घुमतो. म्हणजे मॉड्यूल तापून संप करतंय. पहिल्या वर्षाच्या मुलालाही पटेल इतकं सरळ होतं ते, आणि तिने ते तितक्याच सरळ सांगितलं : "पंपाचा आवाज येत नाही."

पृथ्वीराजने टाइप केलं, 'आवाज येत नाही असे ग्राहकाचे म्हणणे. तक्रार बंद.'

त्यानंतर सेंटरने ग्राहकसेवेचं पुढचं पाऊल उचललं, म्हणजे फोन केला. तो फैझलला केला. फैझल हा उम्मेहानीचा नवरा. गाडी तिची, नाव तिचं, नंबर तिचा. पण तांत्रिक बाबी घरच्या जबाबदार व्यक्तीशी बोलाव्यात असं सेंटरचं धोरण असावं. "सर, मॅम क्लच कसा सोडतात?" पृथ्वीराजने विचारलं.

फैझल सज्जन माणूस. त्याने बायकोवर अविश्वास दाखवला नाही, फक्त खात्री करून घ्यायची ठरवली. धाकटा भाऊ बिलाल याने रविवारी पहाटे, रस्ता रिकामा आणि हवा गार असताना, गाडी धायरीपर्यंत नेऊन आणली. गाडी बंद पडली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा नेली. पुन्हा पडली नाही. तिसऱ्यांदा त्याने मित्रांनाही नेलं, केवळ शास्त्राच्या प्रेमापोटी.

"भाभी, माझ्या हातात तर मख्खन चालते," बिलाल म्हणाला.

"दुपारी दोनला सोलापूर रोडला ने."

"एवढ्या उन्हात कशाला?"

सगळा पुरावा आता एका बाजूला होता. फैझलने उम्मेहानीला उजळणी म्हणून ड्रायव्हिंग क्लास लावला. क्लासच्या सरांनी तिला सीटवर कसं बसायचं इथपासून शिकवलं. क्लासची गाडी तिच्या हातात एकदाही बंद पडली नाही, त्यावरून तिच्यात झपाट्याने सुधारणा होत असल्याचं सरांनी फैझलला कळवलं. (ती गाडी वेगळी होती, हा मुद्दा चर्चेला आला नाही.) त्याच आठवड्यात तिची स्वतःची गाडी सोलापूर रस्त्यावर पुन्हा थांबली, आणि मागच्या ट्रकचा बंपर तिला आरशात इतका मोठा दिसला की त्यावरचा नंबर तिने घरी येऊन फैझलला पाठ म्हणून दाखवला.

"बस झालं," फैझल मनापासून घाबरून म्हणाला. "तू कॉलेजच्या बसने जात जा. गाडी रविवारपासून बिलालला देऊन टाकू. त्याच्या हातात चालतेय तरी."

उम्मेहानीला राग आला. ट्रकची भीती वाटायचीच, पण हा राग त्याहून मोठा होता. गाडी जाणार होती, आणि जाताना तिला गाडी चालवता येत नाही असं कायमचं ठरवून जाणार होती.

शनिवारी भर दुपारी ती सेंटरात गेली आणि पृथ्वीराजला ओलांडून थेट मॅनेजर सर्जेरावांच्या केबिनमध्ये शिरली. "तुम्ही चालवा. मी शेजारी बसते. लोणीपर्यंत जाऊन येऊ."

सर्जेराव मूळचे लोणीचेच, बागायतदाराच्या घरातले. ते हसले. "मॅडम, पाचवीत होतो तेव्हापासून ट्रॅक्टर चालवतोय मी. पण चला, तुमचं समाधान होऊ दे."

जाताना त्यांनी क्लचवर एक छोटेखानी व्याख्यान दिलं. येताना शेवाळवाडीच्या अलीकडे रस्ता तुंबला, आणि गाडी त्यांच्या हाताखाली गप्प झाली. मागे ट्रकचे ब्रेक किंचाळले. सर्जेरावांनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली, वाकून पायाखालच्या क्लचकडे बघितलं. कपाळावरून घाम नाकावर आला.

"क्लच जरा हळू सोडून बघता का?" उम्मेहानीने विचारलं.

"कसला क्लच, मॅडम!" सर्जेरावांच्या तोंडून सेंटरची भाषा गळून पडली. "ह्यात फॉल्ट हाय! माणूस मरंल की इथं!"

अशा रीतीने बिघाडाचा शोध लागला. तीच गाडी, तोच रस्ता, तेच ऊन. पण आता तो योग्य माणसासमोर घडला होता. "मागच्या सीटला कान लावा, पंप घुमत नाहीये," ती म्हणाली, तेव्हा सर्जेरावांनी कान लावला. सेंटरात परतल्यावर त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "नीट कान लावून ऐकलं पाहिजे. पंप घुमत नव्हता. मॉड्यूलच गेलंय, मी लगेच ओळखलं."

नवं मॉड्यूल तासाभरात बसलं. जुनं उघडलं तर आत सोल्डरिंगचा डाग दिलेल्या जागी तडा होता. असं काम उम्मेहानीच्या प्रॅक्टिकलला कुणी केलं असतं तर तिने त्याला नापास केलं असतं. दुसऱ्या आठवड्यात सेंटरने सर्जेरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, अचूक निदानाबद्दल. उम्मेहानीला संयमाबद्दल कीचेन मिळाली. फैझलने सर्जेरावांचा हात दोन्ही हातांत घेतला. "साहेब, तुम्ही होता म्हणून कळलं," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

गाडी आता बंद पडत नाही. ती उम्मेहानीकडेच आहे. आपल्याला थोडा झटका जाणवायचा असं बिलालला आता आठवतं. क्लासचे सर नव्या विद्यार्थ्यांना तिचं उदाहरण देतात. फैझलचं मत समतोल आहे : फॉल्ट होताच, पण क्लासचाही फायदा झाला.

राहता राहिले वाचक. आपण पहिल्यापासून उम्मेहानीच्या बाजूने होतात, याबद्दल शंका घेण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. केवळ माहितीसाठी : गाडी चालता चालता बंद पडते, हे तिने दुसऱ्याच परिच्छेदात स्वच्छ सांगितलं होतं. आपला विश्वास नेमका कुठे बसला, ते मागे जाऊन शांतपणे पाहावं. तिथे स्टिअरिंगवर सर्जेराव बसलेले दिसले, तर त्यांना जागेवरून उठवू नये; आपणही त्याच गाडीत, मागच्या सीटवर बसलेले असाल.